लहान मेंदू, त्यातली रसायनं आणि शिकणं: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कुठेही मेंदूवर बोलायला गेलं की खरे प्रश्न भाषण संपल्यावर, खुर्च्या उचलायला लागल्या की येतात. कुणी बी.एस्सी.चा विद्यार्थी असतो, कुणाच्या घरात तोल जाणारे आप्पा असतात, कुणाला फिट्सच्या गोळीची शंका असते. लहान मेंदूबद्दल पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे घेतलेत. परीक्षेपुरतं हवं असेल त्यांनी रेणूंचं उत्तर नीट वाचावं. घरच्या पेशंटसाठी आला असाल तर ते ओलांडून पुढे गेलात तरी चालेल.

लहान मेंदू कुठे असतो आणि करतो काय?

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, मोठ्या मेंदूच्या खाली. वजन साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पण माणसाच्या मेंदूत ज्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्यातल्या ६९ अब्जांच्या आसपास एकट्या लहान मेंदूत आहेत. बहुतेक सगळ्या ग्रॅन्युल पेशी, आकाराने अगदी बारीक आणि दाटीवाटीने बसलेल्या.

हालचाल करायचा हुकूम तो देत नाही. तो मोठ्या मेंदूकडून येतो. हालचाल मापात आणि वेळेवर व्हावी, चुकली तर पुढच्या खेपेला सुधारावी, हे काम लहान मेंदूचं. म्हणून तो बिघडला तर लकवा होत नाही. हातापायात ताकद असते, पण पेला उचलायला गेलेला हात पेल्याच्या पुढे निघून जातो.

पेशी एकमेकींशी विजेवर बोलतात की रसायनांवर?

दोन्हींवर. पेशीच्या आत संदेश विजेच्या रूपात धावतो. टोकाला पोचला की दोन पेशींच्या मधे साधारण २० नॅनोमीटरची फट लागते, तिला सायनॅप्स म्हणतात. तिथे रसायन सोडलं जातं आणि समोरच्या पेशीवरचे रिसेप्टर ते पकडतात. लहान मेंदूत मुख्य रसायनं दोनच: समोरच्या पेशीला चेतवणारं ग्लुटामेट आणि शांत करणारं गाबा. नॉरॲड्रेनॅलिन, सेरोटोनिन, ॲसिटिलकोलिन हीही असतात, पण ती आवाज कमीजास्त करणारी.

रसायनाशिवाय थेट विजेचे जोडही असतात. मेंदूच्या देठातल्या इन्फिरिअर ऑलिव्ह नावाच्या केंद्रातल्या पेशी अशा जोडांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्यामुळे बऱ्याचदा ताल धरून चालतात. हे केंद्र पुढे वारंवार येणार आहे.

पर्किंजे पेशीचं एवढं कौतुक का?

ही लहान मेंदूतली मोठी चेतापेशी. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३७ साली तिचं वर्णन केलं. पुढे स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी तिची जी चित्रं काढली ती आजही पुस्तकांत छापली जातात. पसरलेल्या पंख्यासारख्या फांद्या, पण पंखा एकाच प्रतलात चपटा. त्या पंख्याला काटकोनात छेदत ग्रॅन्युल पेशींचे समांतर तंतू जातात. एका पर्किंजे पेशीवर अशा तंतूंचे एक लाखाहून जास्त सायनॅप्स असतात. मेंदूत दुसऱ्या कुठल्याही पेशीला इतक्या जोडण्या नाहीत.

आणि या लाखाच्या समोर, इन्फिरिअर ऑलिव्हकडून येणारा चढता तंतू फक्त एक. तो फांद्यांवर वेलासारखा चढतो, शेकडो ठिकाणी चिकटतो, आणि पेटला की अख्खी पेशी हादरते.

जन्माच्या वेळी मात्र एकेका पर्किंजे पेशीवर अनेक चढते तंतू असतात. रावेर-यावलच्या माणसाला हे सांगायला सोपं जातं. केळीच्या बुंध्याशी पिलं बरीच फुटतात, पण पिलबागेसाठी एकच जोमदार ठेवून बाकीची कापतात. तसंच इथे एक तंतू जोर धरतो आणि बाकीचे मागे हटतात. उंदरांत हे काम जन्मानंतर सुमारे तीन आठवड्यांत उरकतं. एमग्लूआर१ हा ग्लुटामेट रिसेप्टर नसलेल्या उंदरांत छाटणी अर्धवट राहते आणि ते उंदीर मोठेपणीही डगमगत चालतात.

विद्यार्थी हमखास विसरतात अशी आणखी एक गोष्ट: पर्किंजे पेशी फक्त गाबा सोडते. म्हणजे लहान मेंदूच्या सालीतून (बाहेरच्या थरातून, कॉर्टेक्समधून) बाहेर जाणारा एकमेव संदेश हा आवर घालणारा आहे. जपानचे मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात हे दाखवलं तेव्हा भल्याभल्यांना पटायला वेळ लागला. पुढचं सगळं समजायला हे वाक्य लक्षात असणं गरजेचं आहे.

शिकताना सायनॅप्स मजबूत होतात असं आम्ही शिकलो. मग लहान मेंदूत ते कमजोर होतात म्हणजे काय?

मजबूत होतात हे खरं, पण ते मुख्यतः हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे मोठ्या मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाचं, वर्णन आहे. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ साली सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते दाखवलं आणि सगळी पुस्तकं तिकडे झुकली.

लहान मेंदूचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. १९६९ साली डेव्हिड मार या तरुणाने कागदावर मांडणी केली: समांतर तंतू परिस्थिती सांगतात, चढता तंतू शिकवतो, आणि दोघे एकत्र पेटले की त्यांच्यातली जोडणी बदलते. मारच्या मते ती मजबूत व्हायची. १९७१ मध्ये नासातल्या जेम्स आल्बस यांनी तीच कल्पना घेतली पण दिशा उलटी केली. चढता तंतू चूक सांगतो, तर चुकीच्या वेळी चालू असलेली जोडणी कमजोरच व्हायला हवी. पुढे आल्बस रोबोटांकडे वळले.

१९८२ साली इतो यांच्या गटाने सशामध्ये दोन्ही मार्ग एकत्र उत्तेजित करून पाहिलं. समांतर तंतूंना मिळणारा पर्किंजे पेशीचा प्रतिसाद घटला आणि उत्तेजन थांबल्यावरही बराच काळ घटलेलाच राहिला. यालाच एलटीडी म्हणतात, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी घट. आल्बसचा अंदाज बरोबर निघाला.

आता मघाचं वाक्य जोडा. पर्किंजे पेशी आवर घालते. तिला चेतवणारी जोडणी कमजोर झाली की ती त्या क्षणी कमी बोलते, आणि लहान मेंदूच्या खोलातल्या केंद्रांवरचा आवर सुटतो. म्हणजे सालीत एक जोडणी दुबळी झाली आणि बाहेर योग्य हालचाल योग्य वेळी मोकळी झाली. दोन उणे मिळून अधिक होतात, तेवढंच गणित आहे. पण परीक्षेत निम्मी मुलं इथेच अडखळतात.

सर, आखाजीला माझ्या सासूबाई मांडा हातावर फिरवतात तो कोपरापर्यंत जातो. माझा मधेच फाटतो. त्या म्हणतात, "हाताले समजस." हाताला खरंच समजतं का?

हा प्रश्न एका वहिनींनी विचारला आणि मला तो फार आवडला, म्हणून जरा सविस्तर.

मांडा करताना काय होतं ते बघा. कणकेला तार येईपर्यंत मळून झालेलं असतं, पुरण आत गेलेलं असतं. पोळी दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत वाढवायची आणि पालथ्या खापरावर अलगद सोडायची. पोळी वाढते तशी तिची जाडी आणि झोळ क्षणाक्षणाला बदलतात. डोळ्याने बघून हात हलवायचा म्हटलं तर उशीर होतो, कारण डोळ्यापासून हातापर्यंतच्या फेऱ्यात सेकंदाचा दहावा हिस्सा सहज जातो आणि तेवढ्यात कड फाटलेली असते. म्हणजे पोळी आता कुठे ओढली जाणार हे आधीच कळायला हवं. ते "आधीच" लहान मेंदूकडे असतं.

दंडाचा ताण किती, मनगट कुठल्या कोनात, मोठ्या मेंदूने आत्ताच कुठला हुकूम दिला, हे सगळं मॉसी तंतूंनी (बाहेरून लहान मेंदूत माहिती आणणाऱ्या तंतूंनी) ग्रॅन्युल पेशींकडे येतं आणि समांतर तंतूंवरून पर्किंजे पेशींवर पडतं. पोळी फाटली, किंवा एका बाजूला जास्त लोंबली, की इन्फिरिअर ऑलिव्हमधून चढता तंतू पेटतो. हा तंतू एरवी सेकंदाला साधारण एकदाच बोलतो, तर पर्किंजे पेशी आपल्या साध्या ठोक्यांवर सेकंदाला पन्नास-शंभर वेळा. त्यामुळे त्याचं बोलणं दुर्मीळ, पण दणक्याचं. फाटण्याच्या अगदी आधी जे समांतर तंतू चालू होते तेवढ्यांच्याच जोडण्या ढिल्या होतात. पुढच्या मांड्याला तीच स्थिती आली की हात थोडा आधी सैल पडतो. सासूबाईंच्या लहान मेंदूत अशा दुरुस्त्या काही दशकांच्या आहेत.

"अगदी आधी" म्हणजे किती? हेही सगळीकडे सारखं नाही. डोळ्यांची हालचाल सांभाळणाऱ्या फ्लोक्युलस भागात समांतर तंतू पेटल्यावर सुमारे १२० मिलिसेकंदांनी चढता तंतू आला तर बदल सर्वांत चांगला होतो, असं २०१६ मध्ये उंदरांत दिसलं. चुकीची खबर डोळ्यांकडून यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. इतर भागांत हा हिशेब वेगळा.

मांडे करणाऱ्या बाईच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालून हे कुणी मोजलेलं नाही, हेही सांगायला हवं. पुरावा येतो तो सशांच्या पापणीवरून आणि डोळ्यांच्या प्रतिक्षेपावरून. घंटी वाजली की डोळ्यावर हवेचा झोत, असं पुन्हापुन्हा केलं की ससा झोत येण्याच्या नेमक्या आधी पापणी मिटायला शिकतो. १९८४ मध्ये मॅक्कॉर्मिक आणि थॉम्प्सन यांनी दाखवलं की लहान मेंदूच्या खोलातलं एक छोटं केंद्र नष्ट केलं तर हे शिकलेलं जातं, पण झोत लागल्यावर पापणी मिटणं तसंच राहतं. मांड्याबद्दल मी जे लिहिलं ते त्यावरून काढलेलं अनुमान आहे, आणि मला ते पटतं.

रेणूंच्या पातळीवर एलटीडी कशी घडते? (परीक्षेसाठी)

समांतर तंतू ग्लुटामेट सोडतो. ते पर्किंजे पेशीवरच्या दोन प्रकारच्या रिसेप्टरांवर बसतं. एक ॲम्पा रिसेप्टर: तो चटकन उघडतो, सोडियम आत येतं, पेशी चेतते. दुसरा एमग्लूआर१: तो स्वतः मार्ग उघडत नाही, आतल्या बाजूला जी-प्रथिनामार्फत फॉस्फोलायपेज सी या विकराला कामाला लावतो. हा विकर पेशीपटलातल्या मेदाचे दोन तुकडे करतो, आयपी३ आणि डायासिलग्लिसरॉल. आयपी३ पेशीद्रवात सुटून आतल्या कॅल्शियमच्या साठ्याकडे जातो. डायासिलग्लिसरॉल पटलातच राहतो.

तिकडे चढता तंतू पेटला की अख्ख्या पेशीचा विद्युतदाब उसळतो आणि पी/क्यू प्रकारच्या वाहिन्यांतून बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. आता खरी मेख इथे आहे. साठ्यावरच्या आयपी३ रिसेप्टरला आयपी३ही हवा आणि थोडं कॅल्शियमही हवं. दोन्ही एका वेळी मिळाले तरच तो झटक्यात उघडतो आणि साठ्यातलं कॅल्शियम भसकन बाहेर येतं. म्हणजे "दोघे एकत्र पेटले का?" हा प्रश्न सोडवणारा एक रेणू आपल्याला सापडला. पर्किंजे पेशीत तो इतका ठासून भरलेला असतो की मिकोशिबा यांच्या गटाने १९८९ साली त्याचा जनुक उंदराच्या लहान मेंदूतूनच वाचला.

वाढलेलं कॅल्शियम आणि डायासिलग्लिसरॉल मिळून प्रोटीन कायनेज सी, म्हणजे पीकेसी, जागा करतात. पीकेसी ॲम्पा रिसेप्टरच्या ग्लूए२ या घटकावर ८८० क्रमांकाच्या सेरीनला फॉस्फेट चिकटवतो. त्याने रिसेप्टरला जागेवर धरणारं ग्रिप हे प्रथिन सुटतं आणि पिक१ येऊन बसतं. मग क्लॅथ्रिनच्या वेष्टनात गुंडाळून तो रिसेप्टर आत ओढला जातो. पृष्ठभागावर रिसेप्टर कमी, म्हणून तेवढ्याच ग्लुटामेटला प्रतिसाद कमी. झाली एलटीडी.

पीकेसी तर काही मिनिटांत शांत होतो, मग बदल टिकतो कसा? पीकेसी आणि मॅप कायनेज हा दुसरा विकर एकमेकांना काही काळ जागं ठेवतात आणि तेवढ्यात बदल पक्का होतो.

दोन सुटे धागे. एक, ग्लूडी२: नाव ग्लुटामेट रिसेप्टरचं, पण ग्लुटामेटने वाहिनी म्हणून उघडत नाही. ग्रॅन्युल पेशी सीबीएलएन१ हे प्रथिन सोडते, ते एका हाताने समांतर तंतूवरच्या न्यूरेक्सिनला आणि दुसऱ्या हाताने ग्लूडी२ला धरतं, आणि सायनॅप्स बांधून ठेवतं. यातलं एक जरी नसलं तरी उंदीर तोल सांभाळू शकत नाही. २०२० मध्ये याच धर्तीवर कृत्रिम जोडप्रथिन बनवून अशा उंदरांची चाल सुधारल्याचं प्रसिद्ध झालं. दुसरा धागा, हिप्पोकॅम्पसमध्ये ज्याच्यावर सगळी भिस्त असते तो एनएमडीए हा ग्लुटामेट रिसेप्टर प्रौढ पर्किंजे पेशीत फार कमी. हिप्पोकॅम्पसचं उत्तर इथे छापील उतरवलं की गुण गेले.

ढिली झालेली जोडणी परत घट्ट होते का?

होते, नाहीतर काही वर्षांत सगळंच ढिलं पडलं असतं. चढता तंतू गप्प असताना समांतर तंतू एकटे पेटत राहिले तर जोडणी मजबूत होते. तेव्हा कॅल्शियम थोडंच वाढतं आणि फॉस्फेट काढणारे विकर, पीपी१, पीपी२ए, कॅल्सिन्युरिन, वरचढ ठरतात. जास्त कॅल्शियमला घट आणि कमी कॅल्शियमला वाढ, हा नियम हिप्पोकॅम्पसच्या बरोबर उलटा आहे.

वायूसुद्धा संदेश देतो असं वाचलं. आणि भांगेचा काय संबंध?

वायू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. तो साठवता येत नाही, पटलातून आरपार जातो, बनतो तसा पसरतो. १९८८ मध्ये गार्थवेट यांनी उंदरांच्या लहान मेंदूच्या पेशींतून तो सुटतो हे दाखवलं, आणि तो बनवणारा मेंदूतला विकर १९९० मध्ये लहान मेंदूतूनच शुद्ध केला गेला. समांतर तंतूकडून निघून तो पर्किंजे पेशीत सीजीएमपी हा निरोप्या रेणू वाढवतो आणि एलटीडीला हातभार लावतो.

भांगेची गोष्ट उलट्या दिशेची. पर्किंजे पेशी फार चेतली की स्वतःच मेदापासून २-एजी नावाचं रसायन बनवून मागे पाठवते. ते समांतर तंतूच्या टोकावरच्या सीबी१ रिसेप्टरवर बसतं आणि "जरा कमी सोड" असं सांगतं. क्राइट्झर आणि रेगर यांनी २००१ मध्ये हे मोजलं. भांगेतलं नशा आणणारं टीएचसी त्याच सीबी१वर बसतं, आणि लहान मेंदूत हे रिसेप्टर भरपूर. शरीर हे रसायन थेंबाथेंबाने, नेमक्या जागी वापरतं. महाशिवरात्रीची थंडाई ते एकदम सगळीकडे ओतते. म्हणून जिना उतरताना पायरी सापडत नाही आणि वेळेचा अंदाज जातो. त्या रात्री मोटारसायकलला हात लावू नये.

दारूने झोकांड्या जातात त्याही लहान मेंदूमुळेच?

बऱ्याच अंशी. दारू लहान मेंदूत गाबाचा आवर वाढवते, ग्रॅन्युल पेशी दबतात, पुढे जाणारी माहितीच अपुरी पडते. उतरली की हे ओसरतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं ओसरत नाही. लहान मेंदूचा मधला पट्टा झिजतो, त्यात जेवणाची आबाळ झाल्याने थायमिन म्हणजे बी१ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि माणूस न पिताही पाय फाकवून चालायला लागतो. हातभट्टी की परमिट रूम, याने यात फरक पडत नाही. अशा माणसाचे डोळे तिरळे फिरायला लागले किंवा तो बरळायला लागला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. थायमिनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर बरंच वाचतं.

कपाशीवर फवारणी केल्यावर गरगरतं, हात थरथरतात. लहान मेंदूला लागलं का?

आधी हे बघा: तोंडाला लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, मळमळ, छातीत घरघर. यातलं काही असेल तर ती ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा असू शकते. ही औषधं ॲसिटिलकोलिन मोडणारा विकर बंद पाडतात. ते रसायन मुख्यतः स्नायू, ग्रंथी आणि हृदयाशी काम करतं, लहान मेंदूचं ते प्रमुख रसायन नव्हे. पण जिवाला धोका असताना ही चर्चा दुय्यम आहे. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा. ॲट्रोपिन दवाखान्यातच मिळतं. बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नका. एक ते चार दिवसांनी श्वासाचे स्नायू पुन्हा दुबळे पडू शकतात.

फिट्सची गोळी सुरू असलेल्या भावाचा तोल जातो.

गोळी फेनिटॉइन असेल तर डॉक्टरांना रक्तातली पातळी तपासायला सांगा. डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी भलतीच वाढू शकते, हा या औषधाचा स्वभाव आहे. तेव्हा डोळे हलायला लागतात, बोलणं जड होतं, चाल बिघडते. फार काळ जास्त पातळी राहिली तर लहान मेंदू झिजूही शकतो. मात्र गोळी मनाने बंद करायची नाही. एकदम बंद केल्याने फिट्सची रांग लागते, आणि ते तोल जाण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आमच्या घरात आजोबा, काका आणि आता वडील, तिघांचाही चाळिशीनंतर तोल गेला. हे काय?

आनुवंशिक अटॅक्सिया, म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ बिघडवणारा आजार, असू शकतो. एससीए (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया) नावाने त्याचे कितीतरी प्रकार आहेत. पालकाकडून एक बिघडलेली प्रत आली की पुरते, म्हणून प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मुलगा-मुलगी भेद नाही. त्यामुळे "माहेरून आणलं" असं म्हणून सुनेला दोष देणं सोडा.

विद्यार्थ्यांनी मात्र इथे थांबून मघाची साखळी आठवावी. पी/क्यू वाहिनीचा जनुक बिघडला तर एससीए६. आयपी३ रिसेप्टरचा बिघडला तर एससीए१५. पीकेसीच्या गॅमा प्रकाराचा बिघडला तर एससीए१४. एमग्लूआर१चा बिघडला तर एससीए४४. पीपी२एच्या एका घटकाचा बिघडला तर एससीए१२, जो भारतात अगरवाल कुटुंबांमध्ये जास्त आढळला आहे आणि बहुधा हाताच्या कंपाने सुरू होतो. सायनॅप्स बदलणारे रेणू एकेक करून आजारांच्या यादीत येतात, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. भारतात एससीए१ आणि एससीए२ हेही बरेच दिसतात.

जनुकीय चाचणी न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने करावी. घरातल्या लहान मुलांची, त्यांना काही त्रास नसताना, चाचणी करण्याची घाई करू नये. हा निर्णय मोठं झाल्यावर त्यांचा त्यांनी घ्यावा.

हात थरथरतो म्हणजे पार्किन्सन की लहान मेंदू?

ढोबळ फरक असा. पार्किन्सनचा कंप हात मांडीवर निवांत असताना दिसतो. लहान मेंदूचा कंप वस्तूजवळ हात नेताना वाढतो. बोटाने आधी स्वतःचं नाक, मग समोरच्याचं बोट, असं करायला सांगा, शेवटच्या इंचात बोट हेलकावे खातं. तळहात पालथा-उताणा भराभर करायला सांगितला की ताल मोडतो. हे निदान नव्हे, डॉक्टरांना सांगण्यापुरती खूण.

एकाएकी, मिनिटांत तोल गेला, सोबत उलट्या, डोकं फुटल्यासारखं दुखणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं असेल तर "पित्त झालं" म्हणून घरी झोपवू नका. लहान मेंदूतला स्ट्रोक असाच येतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि धडगाव-अक्कलकुव्याहून निघायचं तर त्यातला बराचसा वेळ घाटातच जातो.

चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेट. ते मेंदूत जातं का?

खाल्लेलं ग्लुटामेट बहुतेक आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. उरलेलं रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत अडवते. सायनॅप्सवरचं ग्लुटामेट तिथल्या तिथे बनतं आणि बर्गमान ग्लिया नावाच्या शेजारच्या पेशी ते लगेच उचलून नेतात. तेलाची आणि मिठाची काळजी करा. गाबाच्या गोळ्यांबद्दलही हेच, विकत घेऊन पैसे घालवू नका.

एलटीडी म्हणजेच शिकणं, हे आता पक्कं झालं आहे का?

पुस्तकांतून तसं वाटतं, पण नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या दे झेऊ यांच्या गटाने अॅम्पा रिसेप्टर आत ओढण्याच्या टप्प्यावरच अडथळा आणलेले उंदीर तपासले. एलटीडी नव्हती, तरी ते नेहमीसारखे शिकले. मोठी खळबळ उडाली. त्यानंतर जपानमधल्या गटाने २०१८ मध्ये प्रकाशाने रिसेप्टरचं आत ओढलं जाणं नेमक्या वेळी थांबवलं, आणि तेव्हा शिकणं अडलं.

दोन्ही खरं कसं? मला वाटतं, जन्मापासून एक वाट बंद असेल तर मेंदू दुसऱ्या वाटा रुंद करतो, आयत्या वेळी बंद केली तर तेवढी सवड मिळत नाही. आणि वाटा आहेतच: समांतर तंतूंवरची वाढ, आवर घालणाऱ्या स्टेलेट आणि बास्केट पेशींच्या जोडण्या, मॉसी तंतूंचे ग्रॅन्युल पेशींवरचे सायनॅप्स, खोलातली केंद्रं. शिकणं या सगळ्यांत वाटलेलं आहे, असं आता बहुतेक जण मानतात. एलटीडीला एकमेव म्हणणारं उत्तर मी तरी पूर्ण गुण देऊन तपासत नाही.

लहान मेंदू फक्त हालचालीसाठीच का?

नाही. १९९८ मध्ये श्माहमान आणि शेर्मन यांनी लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत नियोजन, भाषा आणि भावना यांतले बिघाड नोंदवले. बोलणं सपक होतं, ताळतंत्र सुटतं. घरचे म्हणतात, "आप्पांचा स्वभाव बदलला." तेही डॉक्टरांना सांगा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काही बघता येईल?

दोन गोष्टी सहज. खाटकाकडून बकऱ्याचा भेजा आणा, मागचा लहान मेंदू वेगळा करा आणि धारदार पात्याने बरोबर मधोमध उभा कापा. आत पांढऱ्या धाग्यांचं झाड दिसेल. पर्किंजे पेशी हव्या असतील तर विभागातल्या तयार स्लाइडवर बघा: बाहेरचा फिका थर आणि आतला दाट जांभळा थर यांच्या सीमेवर मोठ्या पेशींची एकेरी रांग.

दुसरा प्रयोग चष्म्याचा. नजर एका बाजूला सरकवणारा पातळ प्लॅस्टिक प्रिझम साध्या गॉगलला चिकटवा. भिंतीवर खडूने खूण करा आणि मातीचे गोळे फेकायला लावा. सुरुवातीचे गोळे सगळे एका बाजूला पडतील, मग हळूहळू खुणेवर येतील. आता चष्मा काढा आणि लगेच फेकायला सांगा: गोळा विरुद्ध बाजूला जाईल, फेकणाऱ्याला सगळं सरळ दिसत असतानाही. प्रत्येक फेकीचं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहून आलेख काढा. लहान मेंदूचा आजार असलेल्या अनेक रुग्णांत ही दुरुस्तीच होत नाही आणि चष्मा काढल्यावरची उलटी चूकही दिसत नाही. फेकणाऱ्याने चष्मा लावून चालायचं नाही आणि मधे खाली हाताकडे बघायचं नाही, एवढं सांभाळा.